सोनाराची जंत्री आणि प्रकाशाची सुई

सोनाराच्या दुकानात एक साधी पोलादी पट्टी असते. तिच्यात ओळीने भोके पाडलेली असतात. पहिले मोठे, दुसरे त्याहून किंचित लहान, असे करत करत शेवटचे जेमतेम केसाएवढे. हिला जंत्री म्हणतात. सोन्याची कांडी टोकाशी निमुळती करायची, मोठ्या भोकातून घालायची, पलीकडून पकडीत धरून ओढायची. मग पुढचे भोक, मग त्याच्या पुढचे. दर भोकागणिक तार बारीक होते आणि लांबत जाते. नथीचा आकडा, मंगळसूत्राची गुंफण, पैठणीच्या पदरातली जर, या सगळ्यांचा जन्म अशा भोकांतूनच होतो.

विसाव्या शतकात गावे आणि खंड तांब्याच्या तारांनी जोडणाऱ्या टेलिफोन कंपन्यांनाही हीच जंत्री लागत होती, फक्त अवाढव्य प्रमाणावर. दिवसरात्र मैलोगणती तार ओढली की पोलादाचे भोक झिजते, तार जाड-बारीक येऊ लागते. म्हणून बारीक तारेसाठी भोक हिऱ्यात पाडत. पण हिऱ्याला भोक पाडायचे कशाने? हिरा हिऱ्यानेच कापला जातो. तेलात कालवलेली हिऱ्याची पूड पोलादी सुईच्या टोकाला लावायची आणि ती सुई हिऱ्यावर फिरवत, ठोकत राहायची. तासच्या तास जात, कधी दिवसही. वापरून भोक झिजले की ते मोठे करून पुढच्या मापासाठी वापरायचे, म्हणजे पुन्हा तीच सुई आणि तीच पूड.

१९६५ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीने या कामाला प्रकाश जुंपला. ही बेल टेलिफोनच्या परिवारातली कारखानदार कंपनी. माणकाच्या कांडीतून निघालेले लाल प्रकाशाचे झोत भिंगाने एका बिंदूवर एकवटून हिऱ्यावर पाडले, की तिथला हिरा आधी काळा पडे आणि मग वाफ होऊन उडून जाई. तासांचे काम मिनिटांवर आले. भोकाला शेवटची सफाई द्यायला हिऱ्याची पूड तेव्हाही लागतच होती, पण मुख्य खोदकाम प्रकाशाने केले होते. लेझरला कारखान्यात मिळालेले पहिले नेमाचे काम ते हेच, असे मानले जाते. जंत्रीचे भोक!

तेव्हा लेझर अवघ्या पाच वर्षांचा होता. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात मालिबू इथल्या ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी तो पहिल्यांदा पेटवला. बोटाच्या पेरात मावेल एवढी कृत्रिम माणकाची कांडी आणि तिच्याभोवती छायाचित्रकाराच्या फ्लॅशसारखा, मळसूत्री वळणाचा दिवा, एवढेच ते यंत्र. शोधाचा निबंध एका नामांकित अमेरिकी नियतकालिकाने परत पाठवला. अखेर ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘नेचर’ने तो छापला. हे उत्तर तर सापडले, आता याचा प्रश्न शोधायचा, असे मेमन यांचा सहकारी म्हणत असे. प्रयोगशाळांमध्ये त्या काळी लेझरची ताकद दाढीच्या ब्लेडांवर मोजत. एका झोताने एकावर एक ठेवलेल्या किती ब्लेडांना आरपार भोक पडते, तेवढे ‘जिलेट’.

ब्लेडला भोक पाडण्यात जोर दिसतो, पण भोक कसे पडले ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. त्या पहिल्या भोकांच्या कडा वितळून पुन्हा थिजलेल्या असत, जळत्या मेणबत्तीच्या अंगावर ओघळ साचावेत तशा. आजूबाजूला बारीक तडे, काळसर डाग. कारण झोत फार वेळ टिकत होता. ‘फार वेळ’ म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेळात प्रकाश ३०० किलोमीटर जातो, मुंबईहून पुण्याला जाऊन परत येण्याइतका. उष्णतेला शेजारीपाजारी पसरायला एवढी सवड भरपूर झाली. जोर वाढवणे फारसे अवघड गेले नाही. त्या उष्णतेला जागच्या जागी कोंडण्यात मात्र पुढची जवळजवळ चाळीस वर्षे गेली आणि या कारागिरीचा खरा इतिहास त्या चाळीस वर्षांत आहे.

पहिली युक्ती १९६१-६२ मध्ये ह्यूजच्याच प्रयोगशाळेत सापडली. रॉबर्ट हेलवर्थ यांनी लेझरच्या आत एक प्रकाशाचे दार बसवण्याची कल्पना मांडली. दार बंद असताना माणकात ऊर्जा साठत राहते, धरणात पाणी साठते तशी. दार एकदम उघडले की सगळी ऊर्जा एका लोंढ्यात बाहेर पडते. झोत नॅनोसेकंदांवर आला, सेकंदाच्या अब्जाव्या भागांवर. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, शाळेच्या दप्तरातल्या पट्टीएवढा. मुंबई-पुण्याच्या फेरीवरून पट्टीवर आलो.

माणकाचा लेझर मात्र मंद होता. एक झोत सोडला की थंड होईपर्यंत थांबायचे. रोजच्या कामाला दमदार घोडा हवा होता. १९६४ साली न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेने एका वर्षात तसे दोन घोडे दिले. जोसेफ ग्यूसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यॅग नावाच्या कृत्रिम स्फटिकात निओडिमियम मिसळून लेझर केला. दुसरा लेझर कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो करणारा तरुण होता बारामतीत जन्मलेला.

चंद्रकुमार नारणभाई पटेल, जगाला ठाऊक असलेले कुमार पटेल, यांचा जन्म २ जुलै १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ साली पदवीधर झाले, स्टॅनफर्डला गेले, तिथे डॉक्टरेट मिळवून १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. वायूच्या रेणूंचे कंपन वापरून लेझर करता येईल हे त्यांनी ताडले, तेव्हा ते पंचविशीत होते. आधीचे वायूचे लेझर अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उड्यांवर चालत आणि घातलेल्या विजेचा फारच थोडा अंश प्रकाशरूपाने परत देत. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे कंपन त्या मानाने काटकसरी. पटेलांनी नळीत नायट्रोजन सोडला. नायट्रोजनचा रेणू विजेच्या धक्क्याने थरारतो आणि तो थरार जवळजवळ तसाच्या तसा कार्बन डायऑक्साइडच्या हाती देतो. पहिल्या प्रयोगात मिलिवॉटमध्ये मोजावा लागणारा झोत थोड्याच काळात वॉटांवर आणि मग शेकडो वॉटांवर गेला. १९९६ साली पटेलांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. बारामतीची ओळख ऊस, द्राक्षे आणि राजकारणाने होते. त्या यादीत हे नाव फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

या दोन लेझरांनी पुढे कामे वाटून घेतली, आणि ती वाटणी आजही टिकून आहे. पटेलांच्या लेझरचा प्रकाश १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. लाकूड, कागद, चामडे, कापड, अॅक्रिलिक आणि काचही त्याला शोषून घेतात. तांबे, सोने मात्र त्याला आरशासारखे परतवतात. यॅगचा प्रकाश १.०६ मायक्रॉनचा. धातू त्याला त्या मानाने दाद देतात. ट्रॉफ्या आणि नावपाट्या करणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक आले की मालक आधी विचारतो, लाकडावर पाहिजे की धातूवर? लाकडाला ‘सीओटू मशीन’, धातूला ‘फायबर’. यॅगची जागा आता सडपातळ काचतंतूच्या लेझरने घेतली आहे, पण तरंगलांबी जवळपास तीच.

पुढची दहा-पंधरा वर्षे कामे भराभर मिळत गेली. १९६७ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॉटच्या कार्बन डायऑक्साइड लेझरसोबत ऑक्सिजनचा झोत सोडला आणि मिलिमीटरभर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळातल्या माणकांना लेझर भोके पाडू लागला. पहिला लेझर माणकातून निघाला, आणि त्याच्या धाकट्या भावंडांनी माणकालाच वेज पाडले. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत रोधकाचे मूल्य मोजत मोजतच त्याच्या पातळ थरात लेझरने खाच पाडायची आणि काटा नेमक्या आकड्यावर आला की थांबायचे, अशी पद्धत पडली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्मृतिचिपांमधल्या सदोष ओळी तोडून राखीव ओळी जोडण्यासाठी हाच झोत वापरात आला. विमानाच्या इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांना थंड हवेसाठी मिलिमीटरहूनही बारीक भोकांची जाळी लागते. ती तिरपी, कठीण मिश्रधातूतली भोके ड्रिलला जुमानत नव्हती. तिथेही लेझर पोचला.

खूण करण्याचे काम वेगळ्या वाटेने आले. सुरुवातीला पत्र्यात अक्षरे कापून साचा करत आणि एका मोठ्या झोतात ती सगळी अक्षरे वस्तूवर उमटवत, घरापुढे छाप्याने रांगोळी काढावी तशी. मजकूर बदलला की साचा बदला. मग दोन छोटे आरसे आले. एक झोताला डावीउजवीकडे हलवतो, दुसरा वरखाली, आणि खालचे भिंग तो बिंदू सपाट पृष्ठभागावर टिपते. संगणकाने आरशांना हुकूम दिला की प्रकाश हस्ताक्षरासारखा लिहू लागतो. दर वस्तूवर वेगळा क्रमांक घालणे त्यामुळे शक्य झाले.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत याने काय बदलले ते जुन्या कामगारांना ठाऊक आहे. एकेकाळी अंकांचे पोलादी पंच ओळीने मांडलेले असत आणि हातोडीच्या एकेका ठोक्याने क्रमांक उमटत. सहाचा नऊ व्हायला वेळ लागत नसे. आता पिस्टनवर, बेअरिंगवर, इंजेक्टरवर ठिपक्यांचा चौकोनी संकेत उमटतो आणि कॅमेरा तो वाचून कुठल्या पाळीत, कुठल्या यंत्रावर तो भाग झाला ते सांगतो. अलीकडे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना नव्या नंबरप्लेटा बसवण्यासाठी जी धावपळ झाली, त्या प्लेटच्या डाव्या कोपऱ्यातही लेझरने कोरलेला एक बारीक क्रमांक असतो. रांगेत उभे राहून प्लेट बसवून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो निरखून पाहिला असेल.

हे सगळे चालू असले तरी उष्णतेचा प्रश्न सुटलेला नव्हता. नॅनोसेकंदाचा झोतही शेवटी जाळतच होता, फक्त कमी जागेत.

त्याला वेगळे वळण दिले एका रसायनशास्त्रज्ञाने. रंगस्वामी श्रीनिवासन १९२९ साली मद्रासला जन्मले आणि न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांच्यासमोर एक्सायमर लेझर होता, अतिनील प्रकाशाचा, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. हा प्रकाश प्लास्टिकच्या रेणूंमधले बंधच तोडतो, असे त्यांना दिसले. सुटलेले तुकडे आपली उष्णता घेऊन उडून जातात आणि मागे कोरीव, स्वच्छ खाच उरते. मग प्रश्न आला, सजीवाच्या अंगावर काय होईल? २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी घरच्या मेजवानीतले उरलेले टर्कीचे मांस-हाड प्रयोगशाळेत आणले. त्याच्यावर अतिनील झोत पाडला, सुबक खाच पडली. सहकारी जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्याबरोबर त्यांनी पुढे हिरव्या लेझरशी तुलना केली. हिरव्याने कडा करपवल्या होत्या. माणसाच्या एका केसावर कोरलेल्या चौकोनी खाचांचे त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. केस जळला नव्हता, वाकलाही नव्हता. त्यावर चौथरे कोरावेत तशा खाचा होत्या.

चष्मा घालवणारी डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया या शिळ्या टर्कीतून निघाली. त्याच जातीच्या झोताने शाईच्या प्रिंटरांच्या टोकातली भोकेही पाडली. शल्यचिकित्सा आणि कारखाना यांना एकच हत्यार मिळाले, कारण दोघांचीही मागणी एकच होती. जिथे लावायचे तिथेच लागावे.

अतिनील लेझरला विषारी वायू आणि महागडी भिंगे लागत. वेळ आणखी कमी करणे हा दुसरा मार्ग होता, पण तिथे अडचण होती. झोत अतिशय आखूड केला की त्याची तीव्रता इतकी वाढते की तो लेझरच्या आतल्याच काचा फोडतो. १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी झोताला सुमारे १.४ किलोमीटर लांब काचतंतूतून पाठवून आधी ताणले, ताणलेल्या, सौम्य झोताची ताकद वाढवली आणि शेवटी आरशासारख्या जाळ्यांनी तो पुन्हा आवळला. स्ट्रिकलंड तेव्हा विद्यार्थिनी होत्या आणि हा त्यांचा पहिलाच शोधनिबंध होता. २०१८ साली याच कामासाठी दोघांना नोबेल मिळाले.

या युक्तीने नॅनोसेकंदाहून कितीतरी पट आखूड, फेम्टोसेकंदांचे झोत कामाला लागले. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाश ०.०३ मिलिमीटर सरकतो, केसाच्या निम्म्याहून कमी. मुंबई-पुण्याची फेरी, शाळेची पट्टी आणि आता अर्धा केस. धातूवर पडलेली ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात आणि ती अणूंच्या जाळीला द्यायला त्यांना काही पिकोसेकंद लागतात, म्हणजे याच्या दसपट किंवा अधिक वेळ. तोवर झोत संपलेला असतो. धातू नीट वितळण्याआधीच उडून जातो आणि शेजाऱ्याला चाहूलही लागत नाही. १९९६ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरच्या लेझर केंद्रातल्या संशोधकांनी ०.१ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यावर नॅनोसेकंद, पिकोसेकंद आणि फेम्टोसेकंद झोतांनी भोके पाडून शेजारी शेजारी दाखवली. नॅनोसेकंदाच्या भोकाला वितळलेल्या धातूचे ओठ होते. फेम्टोसेकंदाच्या भोकाची कड धारदार आणि कोरी होती. मालिबूच्या ब्लेडांपासून इथवर यायला ३६ वर्षे लागली.

भारतात लेझरचे काम तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात साठच्या दशकातच सुरू झाले होते. १९८४ मध्ये इंदूरला त्यासाठी स्वतंत्र केंद्राची पायाभरणी झाली. डॉ. दिलीप देविदास भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. पण सर्वसामान्य कारागिराच्या हाती लेझर दिला तो सुरतेच्या हिऱ्यांनी. हिरा कापायचा तर आधी ब्राँझच्या पातळ चकतीने, स्फटिकाची दिशा सांभाळत, तासन्‌तास करवत चालवावी लागे. लेझरला दिशेचे बंधन नाही. कठीण गाठीचे, चकतीला दाद न देणारे खडेही तो चिरतो. १९८३ साली अमेरिकेतल्या लाझार कॅप्लान कंपनीने हिऱ्याच्या कमरेवर लेझरने बारीक अक्षरे लिहिण्याचे पेटंट घेतले. हिऱ्याच्या या कडेला सुरतेत कंदोरा म्हणतात, म्हणजे आपला करदोटा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात आज हातोहाती फिरणाऱ्या अनेक प्रमाणित हिऱ्यांच्या कंदोऱ्यावर दहापट मोठे करणाऱ्या भिंगाखाली दिसेल असा क्रमांक असतो. हिऱ्यांसाठी लेझर यंत्रे करणाऱ्या सुरतेच्या सहजानंद परिवारातूनच पुढे हृदयाचे स्टेंट करणारी कंपनी निघाली. धातूच्या केसाएवढ्या सळ्यांची जाळी नळीतून कापून काढणे म्हणजे शेवटी तेच हिऱ्याचे काम, वेगळ्या वस्तूवर.

लेझरची खूण घरात आली ती भांड्यांतून. लग्नात, बारशाला, मुंजीला द्यायच्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडची रीत जुनी. भांडी विकणाऱ्याच्या दारातच एक माणूस छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसे, मांडीत तांब्या धरी आणि ठिपक्याठिपक्याने नाव, गाव, तारीख उठवी. पुढे त्याच्या हाती थरथरणारी विजेची सुई आली. त्या ठिपक्यांच्या अक्षरांत माणसाचा हात दिसे. ‘सौ.’ची मात्रा कुठे झुकलेली, ‘श्री’ची शेपटी लांबलेली. आता दुकानदार नाव संगणकावर टाइप करतो आणि फायबर मशीन ते काही सेकंदांत, छापल्यासारखे कोरते. काम स्वच्छ होते आणि स्टीलला पोचा येत नाही. तरीही आजीच्या पातेल्यावरची वाकडी अक्षरे ज्याने बोटाने चाचपली आहेत त्याला या गुळगुळीत अक्षरांत काहीतरी उणे वाटेल, आणि ते वाटणे खोटे नाही.

सोन्याच्या बाबतीत मात्र प्रकाशाने पंचाला मागे टाकले ते योग्यच झाले. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहणे ही सोनाराची विद्या, आणि गिऱ्हाइकाने ठेवायचा तो विश्वास. भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्यासाठी हॉलमार्क आणला. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. त्याच वर्षी १ जुलैपासून दर दागिन्याला सहा अक्षरा-अंकांचा स्वतंत्र क्रमांक मिळू लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आली. दर वस्तूला वेगळी सहा चिन्हे पंचाने ठोकणे अशक्यच होते. शिवाय मंगळसूत्राची वाटी आतून पोकळ, लाखेने भरलेली. तिच्यावर पंचाचा ठोका पडला तर ती चेपते.

सोने लेझरलाही सहज वश होत नाही. अवरक्त प्रकाशाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग ते परतवते. उरलेल्या थोड्या भागावर काम करायचे तर झोत अगदी आखूड आणि तीव्र हवा. हॉलमार्क केंद्रात वाटी भिंगाखाली ठेवतात, पडद्यावर जागा नेमकी जुळवतात, आणि तीन खुणा उमटतात. मानक ब्यूरोचा त्रिकोण, ‘२२के९१६’ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, आणि सहा चिन्हे. नुसत्या डोळ्यांना ती काळसर रेघ वाटते.

पंच मारला की सोने दबते, पण जागच्या जागी राहते. लेझर ते उडवतो. खुणेपुरते उडणारे सोने नगण्य असते, पण अंगठीवर खोल नक्षी किंवा नावे कोरायची असली की धूर निघतो, आणि तो शोषून घेणाऱ्या यंत्राची जाळी कारागीर फेकून देत नाहीत. सोनाराच्या दुकानातला केर, राख आणि भट्टीखालची माती विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी महाराष्ट्रातल्या सराफ बाजारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्या केराच्या पोत्यात आता या काजळलेल्या जाळ्याही पडतात.